दुर्मिळ प्रथिनांचे मोजमाप आणि जिल्ह्याची जबाबदारी

रोगसंशोधनासाठी ऊतींच्या लहानशा तुकड्यातून अत्यल्प प्रमाणातील प्रथिने मोजणे हे मुंबई, पुणे, बंगळूर अशा शहरांतील मोठ्या संस्थांचे काम आहे, सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांनी रुग्ण तपासावेत, शस्त्रक्रिया कराव्यात आणि फार तर नमुने वर पाठवून द्यावेत, असा एक समज वैद्यकीय वर्तुळात आणि आरोग्य नियोजनाच्या चर्चेत पक्का रुजला आहे. या समजाला आधार देणारी विधाने वेगवेगळ्या बाजूंनी येतात. कोणी म्हणते की जनुकांचा क्रम वाचणे आता स्वस्त झाले असल्याने प्रथिनांच्या मागे लागण्याचे कारण उरलेले नाही. कोणी म्हणते की पुरेसे महागडे यंत्र मिळाले की कोणत्याही नमुन्यातून हवे ते मोजता येते, तेव्हा प्रश्न केवळ पैशाचा आहे. आणि कोणी असेही म्हणते की सुईच्या टोकाएवढ्या तुकड्यातून निघणारा आकडा विश्वासार्ह असूच शकत नाही, मग त्यावर वेळ का घालवावा. परस्परांशी न जुळणारी ही विधाने निष्कर्षापाशी मात्र एकत्र येतात, आणि तो निष्कर्ष असा की जिल्हा पातळीवरील रुग्णालयाचा या शास्त्राशी संबंध नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. दुर्मिळ प्रथिनाचे मोजमाप खरे ठरणार की खोटे, याचा निर्णय बहुतांशी नमुना यंत्रापाशी पोचण्याआधीच झालेला असतो, आणि या दोन जिल्ह्यांतील रुग्णांपुरते बोलायचे तर तो मिरज, कराड, सांगली आणि सातारा येथील शस्त्रक्रियागृहांत होतो.

प्रथम प्रमाणाची कल्पना स्पष्ट असावी, कारण वादातील बराच गोंधळ तिच्या अभावी होतो. सुईने काढलेल्या बायोप्सीच्या एका तुकड्यात १० लाख पेशी आहेत आणि प्रत्येक पेशीत एखाद्या नियामक प्रथिनाचे १०० रेणू आहेत असे धरले, तर त्या तुकड्यात त्या प्रथिनाचे १० कोटी रेणू होतात. आकडा मोठा दिसतो. परंतु त्या प्रथिनाचे रेणुवस्तुमान ५०,००० डाल्टन असेल तर या सगळ्या रेणूंचे एकत्रित वजन जेमतेम ८ पिकोग्रॅम भरते, आणि पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. त्याच तुकड्यातील एकूण प्रथिनांचे वजन दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे शोधायचे प्रथिन हे एकूण प्रथिनांतील सुमारे दोन कोटींत एक भाग एवढेच असते. उरलेली जागा ॲक्टिन, केराटिन, कोलाजेन यांसारख्या विपुल प्रथिनांनी व्यापलेली असते आणि तुकड्यात रक्त मिसळले असेल तर त्यात अल्ब्युमिन व हिमोग्लोबिन यांचीही भर पडते. रोगाच्या दृष्टीने ज्यांना महत्त्व आहे ती प्रथिने, म्हणजे जनुकांचे काम चालू-बंद करणारे घटक, पेशींना संदेश देणारी सायटोकाइने, तो संदेश स्वीकारणारे ग्राही आणि तो पुढे नेणारी किनेझ विकरे, ही बहुधा याच विरळ गटात मोडतात.

डीएनएच्या बाबतीत अशा टंचाईवर उपाय आहे. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर या पद्धतीने डीएनएच्या मोजक्या रेणूंच्या कोट्यवधी प्रती काढता येतात. प्रथिनाची प्रत मात्र काढता येत नाही. नमुन्यात जेवढे रेणू आहेत तेवढ्यांवरच भागवावे लागते आणि हाताळणीत जेवढे गमावले तेवढे कायमचे गेले. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या क्षेत्रात जे शोध लागले त्या सर्वांच्या मुळाशी हीच अडचण आहे. रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या इन्सुलिनच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिन मोजून दाखवले, ज्यासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एन्गव्हाल आणि पर्लमन यांनी १९७१ मध्ये किरणोत्साराऐवजी विकराची खूण वापरून एलायझा ही पद्धत दिली, जी आज तालुक्याच्या प्रयोगशाळेतही रुळली आहे. अलीकडच्या पद्धतींनी याच पायावर दोन हुशार उपाय रचले आहेत. एकात दोन प्रतिपिंडांना डीएनएची शेपटे जोडतात, दोन्ही प्रतिपिंडे एकाच प्रथिनावर शेजारी बसली तरच ती शेपटे जुळतात आणि मग प्रथिनाऐवजी त्या डीएनएच्या प्रती काढून मोजणी होते. दुसऱ्यात प्रथिन पकडणारे सूक्ष्म मणी इतक्या लहान खळग्यांत एकेक करून बसवतात की प्रथिनाचा एखादा रेणूही स्वतंत्रपणे उजळून दिसतो.

तिसरा मार्ग मास स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचा. यात ट्रिप्सिन या विकराने प्रथिनांचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, केले जातात आणि शोधायच्या प्रथिनाचे ओळखीचे पेप्टाइड नेमके हेरले जाते. मोजणी बिनचूक व्हावी म्हणून त्याच पेप्टाइडची जड समस्थानिके वापरून तयार केलेली प्रत ठरावीक मात्रेत नमुन्यात मिसळतात. पुढच्या टप्प्यांत जे काही सांडेल, नळीच्या भिंतीला चिकटेल किंवा यंत्रात हरवेल ते दोघांचेही सारख्याच प्रमाणात हरवते, आणि म्हणून दोघांचे गुणोत्तर खरे राहते. ही युक्ती अत्यंत भरवशाची आहे. परंतु जड प्रत मिसळली जाते ती प्रयोगशाळेत. त्याआधी शस्त्रक्रियागृहात, वाटेत किंवा बाटलीत जे घडले त्याची भरपाई ती करू शकत नाही, आणि यंत्राच्या अचूकतेवर विसंबून निश्चिंत राहणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते.

जनुकक्रम पुरेसा आहे, हे विधान आधी तपासून बाजूला ठेवता येईल. पेशीत जनुकाकडून संदेशवाहक आरएनए तयार होतो आणि त्यावरून प्रथिन घडते हे खरे. पण म्हणून आरएनए मोजला की प्रथिन मोजल्यासारखे होते, हा निष्कर्ष प्रत्यक्ष मोजणीत टिकलेला नाही. अमेरिकेतील कर्करोग-प्रथिन संघाने २०१४ मध्ये मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या अर्बुदांत आरएनए आणि प्रथिने दोन्ही मोजली तेव्हा एकाच जनुकाच्या या दोन पातळ्यांमधील सहसंबंध सरासरी ०.२३ इतकाच आढळला. प्रथिनांचे आयुष्य सारखे नसते; काही प्रथिने मिनिटांत मोडली जातात तर काही दिवसचे दिवस टिकतात. शिवाय प्रथिन घडल्यानंतर त्यावर फॉस्फेटचा गट बसला की निष्क्रिय विकर सक्रिय होऊ शकते, आणि या बदलाचा मागमूसही जनुकक्रमात दिसत नाही. जनुकक्रम काय घडू शकते ते सांगतो. औषधाला मात्र पेशीत त्या घटकेला प्रत्यक्ष असलेल्या प्रथिनाशीच गाठ घालावी लागते.

यंत्र आले की सगळे आले, हे दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण ते पैसा आणि लक्ष दोन्ही चुकीच्या जागी वळवते. शस्त्रक्रियेत अर्बुदाचा रक्तपुरवठा तुटतो त्या क्षणापासून ऊती प्राणवायूविना राहते, परंतु तिच्यातील पेशी लगेच मरत नाहीत. त्या टंचाईला प्रतिसाद देत राहतात, विकरे काम करत राहतात, काही प्रथिने मोडली जातात आणि काहींवरील फॉस्फेटचे गट निघतात किंवा नव्याने बसतात. अमेरिकेतील त्याच संघाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अंडाशयाच्या व स्तनाच्या अर्बुदांचे तुकडे वेगवेगळा काळ तसेच ठेवून नंतर गोठवले. तासाभरात एकूण प्रथिनांच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही, पण फॉस्फेट बसलेल्या प्रथिनांतील काही बदल अवघ्या ५ मिनिटांत दिसू लागले. याचा अर्थ सरळ आहे. ज्या नमुन्यात संदेशवाहक प्रथिनांची स्थिती अभ्यासायची आहे तो टेबलावरच्या वाडग्यात अर्धा तास पडून राहिला असेल, तर जगातील सर्वांत संवेदनशील यंत्र त्या अर्ध्या तासाचा परिणाम अतिशय अचूकपणे मोजून देईल आणि संशोधक तो रोगाचा परिणाम समजेल.

हा काही कल्पनेतला धोका नव्हे, याचा पुरावा स्तनाच्या कर्करोगाच्या रोजच्या तपासणीत आहे. इस्ट्रोजेन ग्राही आणि हर-२ या प्रथिनांची तपासणी ऊतीच्या पातळ कापावर प्रतिपिंडांचा रंग चढवून केली जाते आणि तिच्यावरच रुग्णाला कोणते औषध द्यायचे ते ठरते. खोट्या नकारात्मक निकालांमुळे रुग्णांचे उपचार चुकू लागल्यावर अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ यांच्या संघटनांनी नियम घालून दिले: ऊती काढल्यापासून एका तासाच्या आत ती फॉर्मालिनमध्ये गेली पाहिजे, ते फॉर्मालिन १० टक्के तीव्रतेचे आणि आम्लता स्थिर ठेवणारे क्षार घातलेले असले पाहिजे, आणि ऊती त्यात ६ तासांहून कमी किंवा ७२ तासांहून अधिक राहता कामा नये. या तिन्ही अटींपैकी एकही अट मास स्पेक्ट्रोमीटरपाशी पाळता येत नाही. त्या पाळायच्या त्या शल्यविशारदाने, परिचारिकेने, शस्त्रक्रियागृहातील मदतनीसाने आणि विकृतिशास्त्र विभागातील तंत्रज्ञाने.

आता विटा, जत, वडूज किंवा फलटण येथील एखाद्या खासगी शुश्रूषागृहात काढलेल्या गाठीचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. शस्त्रक्रिया झाल्यावर गाठ अखंड स्वरूपात बरणीत टाकली जाते, आणि रुग्णाचा नातेवाईक ती बरणी घेऊन एसटीने मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याच्या प्रयोगशाळेकडे निघतो. ग्रामीण महाराष्ट्रात हे दृश्य कोणालाही अपरिचित नाही. फॉर्मालिन ऊतीत ताशी साधारण एक मिलिमीटर या गतीने शिरते, त्यामुळे लिंबाएवढी गाठ न चिरता टाकली तर तिच्या मध्यभागी फॉर्मालिन पोचेपर्यंत अर्धा दिवसही उलटू शकतो, आणि तोवर मधल्या पेशी स्वतःच्याच विकरांनी विघटित होत राहतात. गाठ बाटलीत पडली म्हणजे टिकली, हा समज येथे नुकसान करतो. तिला पाच-पाच मिलिमीटरच्या अंतराने चिरा देऊन मगच ती भरपूर फॉर्मालिनमध्ये टाकली पाहिजे, आणि ज्या शल्यविशारदाला कडांची तपासणी बिघडेल अशी शंका वाटते त्याने विकृतिशास्त्रज्ञाशी आधी बोलून शाईने खुणा करण्याची पद्धत ठरवून घेतली पाहिजे.

क्षारयुक्त फॉर्मालिन ही तर खर्चाची बाबच नव्हे. बाजारात मिळणाऱ्या संहत फॉर्मालिनचे १०० मिलिलिटर, ९०० मिलिलिटर शुद्ध पाणी, सुमारे ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि साडेसहा ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, एवढ्यावर एक लिटर द्रावण तयार होते, आणि कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात ते बनू शकते. क्षार न घालता नळाच्या पाण्यात विरल केलेले फॉर्मालिन मात्र कालांतराने फॉर्मिक आम्लामुळे आंबट होते, ऊतीवर तपकिरी कण सोडते आणि डीएनए व प्रथिने दोहोंची हानी करते. ज्या जिल्ह्यांत साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा रोज रसाची आम्लता मोजतात तेथे रुग्णाच्या ऊतीसाठीच्या द्रावणाची आम्लता मोजणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

फॉर्मालिनऐवजी ऊती तत्काळ गोठवणे हा फॉस्फेटधारी व विरळ प्रथिनांसाठी अधिक चांगला मार्ग आहे, आणि त्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की उणे ८० अंशांचे शीतकपाट आणि अखंड वीज तालुक्यात कोठून आणायची. या आक्षेपाचे उत्तर सातारा-सांगलीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत आहे. कृत्रिम रेतनासाठी वळूचे गोठवलेले रेत तेथे उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेले असते, नायट्रोजनची पात्रे ठरावीक दिवसांनी भरली जातात, आणि त्या सगळ्या व्यवस्थेला विजेची गरजच पडत नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने ही सेवा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दूधव्यवसायाने तिचे मोल केव्हाच ओळखले. गाईसाठी जी शीतसाखळी खेडोपाडी पोचली आहे तीच माणसाच्या अर्बुदासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी उभी राहू शकत नाही, हे म्हणणे मान्य करण्यासारखे नाही. काही मिलिमीटरचा तुकडा लहान कुपीत घालून कुपी थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडणे आणि वेळ लिहिणे, एवढेच काम शस्त्रक्रियागृहात करायचे असते. ते शिकवायला एक दुपार पुरेशी आहे, आणि ते रोज न चुकता करून घ्यायला मात्र विभागप्रमुखाची शिस्त लागते.

प्रतिपिंडांविषयी वेगळे बोलणे आवश्यक आहे, कारण येथे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बाजारातील संचातून निघणारा आकडा हा संचावर छापलेल्या प्रथिनाचाच असतो असे नाही. टोरांटोच्या माउंट सायनाय रुग्णालयातील एलेफ्थेरियोस डायमंडिस यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून सीयूझेडडी-१ या प्रथिनाचा अभ्यास बाजारातील एलायझा संच वापरून केला. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, परंतु मास स्पेक्ट्रोमीटरने पडताळून पाहिल्यावर त्या संचातील प्रतिपिंड प्रत्यक्षात सीए-१२५ या निराळ्याच, आधीपासून माहीत असलेल्या प्रथिनाला पकडत असल्याचे उघड झाले. २०१४ मध्ये त्या गटाने ही सगळी हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली आणि या क्षेत्रावर त्यांचे उपकार आहेत. शोधायचे प्रथिन जितके विरळ तितका हा धोका मोठा, कारण प्रतिपिंडाची दुसऱ्या एखाद्या विपुल प्रथिनाशी अगदी क्षीण जवळीक असली तरी तिचा संकेत खऱ्या संकेताला झाकून टाकतो. पण यातून मोजमाप सोडून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. प्रत्येक प्रतिपिंड स्वतःच्या प्रयोगशाळेत पारखून घ्यावे, ज्या ऊतीत ते प्रथिन नक्की आहे आणि जिच्यात ते नक्की नाही अशा दोन्हींचे काप प्रत्येक खेपेला सोबत लावावेत, विरलन दुप्पट केल्यावर आकडा निम्मा होतो की नाही ते पाहावे, हाच त्याचा अर्थ आहे. या पारखीला लागणारी नियंत्रण-ऊती, म्हणजे टॉन्सिल, अपेंडिक्स, वार, ही कोणत्याही जिल्हा रुग्णालयात दर आठवड्याला उपलब्ध होते, आणि या बाबतीत मिरजेचे किंवा कराडचे विकृतिशास्त्र विभाग मुंबईहून तसूभरही कमी सोयीचे नाहीत.

ऊतीऐवजी रक्त तपासावे, या सूचनेला फार जागा देण्याचे कारण नाही. रक्तद्रवात अल्ब्युमिन दर मिलिलिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅम असते तर इंटरल्युकिन-६ सारखे सायटोकाइन निरोगी माणसात काही पिकोग्रॅम. म्हणजे ही तफावत सुमारे १००० कोटी पटींची आहे, आणि अर्बुदातून झिरपलेले प्रथिन तिथवर पोचेपर्यंत कित्येक लिटर द्रवात विरलेले असते. रक्ततपासणीचे मोल पाठपुराव्यासाठी मोठे आहे, पण कोणते प्रथिन शोधायचे ते आधी रोगग्रस्त ऊतीतूनच कळावे लागते.

लहान नमुना म्हणजे निरुपयोगी नमुना, या विधानाचे खंडन करण्यासाठी ॲमिलॉइडोसिस हा रोग पुरेसा आहे. यात चुकीच्या घडीची प्रथिने मूत्रपिंड, हृदय अशा अवयवांत साचतात, आणि साचलेले प्रथिन नेमके कोणते यावर उपचार पूर्णपणे अवलंबून असतो. एका प्रकारात अस्थिमज्जेवर रसायनोपचार करायचे असतात तर दुसऱ्यात तेच उपचार व्यर्थ आणि हानिकारक ठरतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले की ऊती टिकवून ठेवणाऱ्या पॅराफिनच्या ठोकळ्यातील सूक्ष्म कापातून केवळ साका असलेला भाग लेसरने कापून घेतला आणि तो मास स्पेक्ट्रोमीटरने तपासला, तर प्रथिनाचा प्रकार मोठ्या खात्रीने ओळखता येतो. येथे नमुना लहान करणे हाच उपाय होता, कारण भोवतालची निरोगी ऊती वगळल्यामुळे शोधायच्या प्रथिनाचा वाटा वाढला. पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१८ मध्ये याच दिशेने पुढे जाऊन सगळी रासायनिक प्रक्रिया नॅनोलिटर आकारमानाच्या थेंबांत केली, जेणेकरून प्रथिनांना चिकटायला भिंतीच कमी मिळाव्यात, आणि मोजक्या पेशींतून हजारो प्रथिने ओळखली. त्यामुळे तुकडा किती मोठा आहे यापेक्षा त्यात काय आहे हे कळणे महत्त्वाचे ठरते. निम्मा तुकडा चरबी आणि तंतुमय ऊती असेल तर त्यातील अर्बुदाचे प्रथिन निम्मेच दिसेल. म्हणून मोजणीला देण्यापूर्वी शेजारचा एक काप रंगवून त्यात अर्बुदाच्या पेशी किती टक्के आहेत हे विकृतिशास्त्रज्ञाने लिहून दिले पाहिजे. ते टक्के लिहिणारा डोळा यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

हे सगळे संशोधनाचे चोचले आहेत आणि रुग्णाला याचा उपयोग नाही, असा आक्षेप २०२२ पर्यंत कोणी घेतला असता तर त्याला लांबचे उत्तर द्यावे लागले असते. आता तसे नाही. निरोगी पेशीवर हर-२ ग्राहीचे सुमारे वीस हजार रेणू असतात आणि ज्या अर्बुदात हे जनुक वाढलेले असते तेथे ते वीस लाखांपर्यंत जातात. जुनी रंगपरीक्षा या दुसऱ्या टोकाला ओळखण्यासाठी घडवलेली आहे. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन हे औषध हर-२ अल्प प्रमाणात असलेल्या, पसरलेल्या स्तन-कर्करोगातही आयुष्य वाढवते असे सिद्ध झाले, आणि एका दिवसात खालच्या टोकाचा फरक जीवनमरणाचा झाला. रंगपरीक्षेच्या शून्य आणि एक अधिक या दोन श्रेणींत काप टाकताना अनुभवी विकृतिशास्त्रज्ञांचेही एकमत होत नाही, कारण डोळा आणि रंग यांची क्षमता तेथे संपते. सांगलीच्या एखाद्या स्त्रीच्या बायोप्सीतील हे विरळ प्रथिन बरणीतल्या दिरंगाईमुळे एक अधिकवरून शून्यावर घसरले, तर तिला औषध नाकारले जाऊ शकते आणि कारण कोणालाच कळणार नाही. या गोष्टीला चोचले म्हणणे अन्यायाचे आहे.

मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक जिल्ह्यात असावा असे येथे सुचवलेले नाही. त्याची किंमत, देखभाल आणि ते चालवणारे तज्ज्ञ यांचा विचार करता ते केंद्रित असणेच योग्य. मुंबईच्या आयआयटीत संजीवा श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने प्रथिनांसाठीची मास स्पेक्ट्रोमेट्री सुविधा उभी आहे, मेनिंजिओमा आणि ग्लायोमा या मेंदूच्या अर्बुदांवर तेथे मोलाचे काम झाले आहे, आणि टाटा स्मारक केंद्रासह ती संस्था आंतरराष्ट्रीय कर्करोग-प्रथिन संघात सहभागी आहे; पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. आक्षेप केंद्रीकरणावर नाही, तर जिल्ह्याकडे केवळ नमुन्यांची खाण म्हणून पाहण्यावर आहे. १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून या परिसराला शस्त्रक्रियेची परंपरा आहे. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय आहे, कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचे महाविद्यालय आहे आणि साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. एवढ्या संस्थांनी मिळून नमुना हाताळण्याची एकच लिखित पद्धत स्वीकारणे, तंत्रज्ञांची अदलाबदल करणे आणि रुग्णाची संमती घेताना उरलेल्या ऊतीच्या संशोधनवापराविषयी मराठीत स्पष्ट विचारणे, यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. नमुना देणाऱ्या संस्थेला निकाल परत मिळाला पाहिजे आणि अभ्यासाचा प्रश्न ठरवण्यात तिचा वाटा असला पाहिजे, ही अटही त्यांनी एकत्रितपणेच घातली तर मानली जाईल.

प्रश्न ठरवण्याचा हा अधिकार महत्त्वाचा आहे, कारण या भागाचे रोग या भागाच्या सवयींतून आलेले आहेत. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या एकापाठोपाठ आलेल्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यापाशी आजचे कोणतेही यंत्र नव्हते. रोज दारात येणारा रुग्ण काळजीपूर्वक नोंदवणे हेच त्यांचे साधन होते. सातारा-सांगलीच्या खेड्यांत भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना व हिरड्यांना लावणाऱ्या स्त्रिया आजही आहेत, आणि त्यांच्या तोंडात उठणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांपैकी, म्हणजे ल्युकोप्लाकियापैकी, काहींचाच पुढे कर्करोग होतो, बहुतेकांचा होत नाही. कोणाचा होईल हे आज कापाकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही, आणि उत्तर असेल तर ते चट्ट्याच्या बायोप्सीच्या दोन-तीन मिलिमीटरच्या तुकड्यातील विरळ प्रथिनांत असण्याची शक्यता मोठी आहे. अशा अभ्यासासाठी काही वर्षांपूर्वी चट्ट्याची बायोप्सी झालेल्या, आणि नंतर कर्करोग झालेल्या व न झालेल्या, अशा दोन गटांचे ठोकळे शेजारी ठेवून मोजावे लागतात. रुग्ण याच दोन जिल्ह्यांतील आहेत, त्यांचा पाठपुरावा येथील डॉक्टरच करू शकतात आणि ठोकळे येथील विभागांच्या कपाटांत आहेत. परंतु तुकडा किती वाजता काढला आणि किती वाजता फॉर्मालिनमध्ये टाकला या दोन वेळा अर्जावर लिहिलेल्या नसतील, तर दोन गटांत जो फरक सापडेल तो रोगाचा आहे की उशिराचा, हे मुंबईतील कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही.